हँडब्रेक नसलेली गाडी

दाजी, काल तुमच्या गाडीच्या ब्रेकची हवा काढली. मी खाली, आक्का वर. तुम्ही असतात तर आधी माझ्या पँटकडे बघून हसला असतात, कारण शाळेत घालायची इस्त्रीची पँट घालूनच मी गाडीखाली शिरलो होतो. मग म्हणाला असतात, "मास्तर, तितनं दिसतंय का काई, का नकाशा काढून दिऊ?" तुमचं हे ठरलेलं वाक्य काल मीच मनातल्या मनात म्हणून घेतलं आणि पान्याला हात घातला.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. दुपारचं जेवण करून आडवे झालात ते उठलाच नाहीत. नंतर माणसं आली, बसली, तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेली. भाऊ म्हणजे देवमाणूस, असं जो तो म्हणत होता आणि मी मान खाली घालून हसू दाबत होतो, कारण इतका हट्टी देव मी तरी ऐकलेला नाही. गॅरेजवाल्या मंडळींनी शोकसभेत वाचायला चार ओळी लिहून द्या म्हटलं. लिहिल्या. जन्म कुठला, शाळा किती, पत्र्याची शेड कधी टाकली. वाचल्या आणि घरी येऊन फाडून टाकल्या. ते सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळंच, आणि त्यातलं निम्मं भांडण आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, तुम्ही नवरे, म्हणून माझे दाजी. बाकी सगळ्या लोणावळ्याचे भाऊ. मी तळेगावच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो म्हणून तुम्ही मला मास्तर म्हणायचात, आणि ते अशा सुरात म्हणायचात की मला वाटायचं हा काहीतरी आजार असावा. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी तुमच्याकडे यायचो. आक्का पोहे टाकायची, तुम्ही मला एखादा पाना पुसायला द्यायचात आणि दिवस कसा जायचा कळायचं नाही.

आपण दोघांनी कधीच न काढलेला विषय आधी काढतो. तो ओढा.

गौरीच्या सणाला आक्का माहेरी, म्हणजे आमच्या कुरवंड्याला आली होती. तुम्ही तिला न्यायला आलात ते तुमच्या काळ्या गाडीतून. एका पारशी शेटच्या बंगल्यात कोंबड्या अंडी घालायच्या त्या गाडीत. तुम्ही ती आणून, सगळी उसकटून पुन्हा उभी केली होती. दोन दिवस पाऊस लागून होता. मला तळेगावची गाडी गाठायची होती म्हणून मीही तुमच्याबरोबर निघालो. तुम्ही चालवत होता, शेजारी मी, मागे आक्का, तिच्या मांडीवर आईनं भरलेली ओटी.

गावाखालच्या ओढ्यापाशी तुम्ही गाडी थांबवलीत, खाली उतरलात, काठी बुडवून बघितलीत आणि म्हणालात, "थांबू घटकाभर. पाणी उतरंल." मी घड्याळ बघितलं. "चला हो दाजी," मी म्हणालो, "गुडघाभरसुद्धा नाही. माझी गाडी चुकेल." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, काठी टाकलीत आणि गाडी पाण्यात घातलीत.

ओढा पार झाला. पुढचा उतार आला तेव्हा ब्रेक लागेना. चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरलं की आतले लायनर ओले होतात आणि नुसते घसरत राहतात, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. त्या वेळी मला फक्त तुमचा पाय दिसत होता. तुम्ही पेडलवर जवळजवळ उभे राहिला होता आणि गाडी आपली चाललीच होती. हँडब्रेक ओढलात, तोही त्याच ओल्या ड्रमांवर चालणारा, त्याचाही उपयोग झाला नाही. वळणावर गुरं होती. तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत आणि गाडी बांधावरून सरळ भाताच्या खाचरात नेऊन बसवलीत. कुणाला खरचटलंही नाही. ओटीतला नारळ तेवढा चिखलात गेला.

आक्का गुडघाभर चिखलात उतरली. आधी नारळ शोधला, पदरानं पुसला, आणि मग म्हणाली, "आजपास्नं तुमची गाडी तुमच्यापाशी. मी न्हाई बसायची." तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता सांगणार. तुम्ही तिला म्हणालात, "माजाच अंदाज चुकला." मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते, दाजी.

आक्कानं कानाला खडा लावला तो लावलाच. त्यानंतर चार वर्षं ती लोणावळ्याहून कुरवंड्याला चालत गेली. आणि तुम्ही काय केलंत, तर पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून गाडी घेऊन जायला लागलात. पुढे आक्का, मागे गाडी, गाडीत तुम्ही एकटे, आणि खिडकीतून तुमचं बोलणं चालूच.

"ऊन लागतंय."

"पदर हाय."

"पाय दुकलं असत्याल."

"तुमाला इचारलं का?"

"मंग पिशवी तरी दे."

पिशवी मात्र ती द्यायची. म्हणजे पिशवी गाडीतून माहेरी जायची आणि पिशवीची मालकीण पायी. भुशीच्या बायका धुणं थांबवून बघायच्या. एकीनं विचारलंही होतं, "भाऊ, बायकूला पोचवताय का राखताय?" तुम्ही तिला हात जोडलेत आणि क्लच सोडलात. असं रांगत चालवल्यानं क्लचची वाट लागायची. तुम्ही तीन वेळा नवा घातलात, आणि गिऱ्हाइकानं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की त्याला चारचौघांत झाडायचात.

आमच्या गावात मात्र वेगळंच बोललं जायचं. जावई गाडीतून येतो आणि लेकीला चालवत आणतो. आईनंसुद्धा एकदा तुम्हाला ऐकवलं. तेव्हाही तुम्ही नुसती ताटातली भाकरी मोडत राहिलात. मीही त्याच पंगतीत होतो.

चौथ्या वर्षी आक्काची टाच धरली. तरी ती लंगडत चालत गेली. त्या दिवशी तुम्ही गाडीतून काही बोलला नाहीत म्हणे. आक्कानंच मला सांगितलं, "आज त्ये लय गप हुतं." पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा शेडमध्ये एक गोणपाट पडलं होतं आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरत होता.

घाटात कुणाची तरी परदेशी गाडी उलटली होती. तिची पुढच्या चाकांची ब्रेकची सामग्री तुम्ही खोपोलीच्या भंगारवाल्याकडून आणली होती. पोलादाच्या दोन चकत्या, आणि त्यांना चिमट्यासारखं दोन्हीकडून धरणारे दोन कॅलिपर. तुम्ही एक चकती उचलून माझ्यासमोर धरलीत. "ड्रम म्हंजे झाकण घातलेलं भांडं, मास्तर. आत गेलेलं पाणी आतच. ही ताटली उघडी. पाणी लागलं तरी दोन फेऱ्यांत झाडून टाकती." मग आवाज खाली आणून म्हणालात, "ही मागल्या चाकाला बसली ना, तर ती बसंल." दुसरी 'ती' कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

इथे आपलं पहिलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. शाळेच्या कपाटात मला एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं होतं. त्यात लिहिलं होतं की ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून खरी पकड पुढच्या चाकांना हवी. मी ते तुम्हाला वाचून, भाषांतर करून, चित्र काढून सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "उताराला बैलगाडी कोण पुडनं धरतं का? मागनं दोर लावून धरत्यात." मी म्हटलं, गाडीला बैल नाहीत. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर जास्त धराया पायजे." दोन रविवार हे चाललं. तिसऱ्या रविवारी सहज बोलल्यासारखं म्हणालात की पुढच्या चाकाला ती सामग्री बसतच नाही, मागच्या आसाला मात्र चार बोल्टांवर पाटी टाकून बसते. हे खरं कारण तुम्ही आधी सांगितलं असतंत तर दोन रविवार वाचले असते. पण मग मजा काय आली असती? असो. माझं म्हणणं अजूनही तेच आहे, पुढेच पाहिजे होते. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही म्हणून मी जिंकलो असं मात्र समजत नाही.

पाटीचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. ड्रॉइंगच्या वह्यांचे जाड पुठ्ठे कापून मी नमुने केले. कॅलिपर आसाच्या मागच्या बाजूला बसवावा असं तुमच्या मनात होतं, पण तिथे स्प्रिंगचे बोल्ट आडवे येत होते. मी तो पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला घेतला आणि स्वतःवरच खूश झालो. तळेगावच्या लेथवाल्यानं चकत्यांची मधली भोकं मोठी करून दिली, पाट्या कापून दिल्या. तुमची शिस्त तर काय सांगावी. गोणपाटातून काढल्या काढल्या तुम्ही एका कॅलिपरवर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'डा' लिहिलं होतंत आणि दुसऱ्यावर 'उ'. जे ज्या बाजूचं ते त्या बाजूला. तुमचे ड्रम निघाले, शेडच्या कोपऱ्यात पालथे पडले, आणि त्या जागी त्या दोन चकचकीत ताटल्या आल्या. तुम्ही लांब उभं राहून बघत होता. देव्हारा मांडून झाल्यावर आक्का बघते तसं.

मग ब्रेकची हवा काढायची वेळ आली. नळ्यांमध्ये तेलाबरोबर हवा राहिली तर पेडल पोकळ लागतं. म्हणून एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी कॅलिपरचं निपल सैल करून हवा सोडायची. तुम्ही निपलपाशी, मी वरच्या डबीत तेल ओतायला, आणि पेडलवर कुणीच नाही. तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली.

तुम्ही पत्र्याकडे बघत म्हणालात, "मागली चाकं काडल्याली हायती. गाडी कुटं जाणार हाय?"

आक्कानं वाकून बघितलं. "पुडली हायती की."

तुम्ही जॅक घेतलात आणि पुढची दोन्ही चाकंही काढून बाजूला ठेवलीत. चार लाकडी ओंडक्यांवर गाडी उभी केलीत. आक्कानं सगळ्या बाजूंनी फिरून खात्री करून घेतली, मग दार उघडलं, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. चार वर्षांनी ती गाडीत बसली होती, आणि गाडीला एकही चाक नव्हतं. मी तेल ओतायचं विसरलो तेव्हा तुम्ही ओरडलात.

"दाब."

"दाबलंय."

"सोड."

"सोडलंय."

न्याहारीपासून दुपारपर्यंत एवढंच बोलणं. तेलाचे दोन डबे संपले. नळीतून तेल येत होतं, पण पेडल काही घट्ट होईना. "कणकंत पाय घातल्यागत लागतंय," आक्का म्हणायची. तुम्ही सगळे सांधे पुन्हा आवळलेत, वॉशर बदललेत, पुन्हा दाब आणि सोड. शेवटी हात टेकलेत आणि जाऊन टायरवर बसलात. तुम्हाला असं बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता आक्का जन्मभर चालणार.

आक्का खाली उतरली. तिनं तुमच्या डोक्यावरून वाकून चाकाच्या जागी बघितलं. "ह्ये हवा सोडायचं भोक खाली का ठिवलंय?"

"त्ये तितंच असतं," तुम्ही म्हणालात.

"घागर इहिरीत पालथी दाबली तर भरती का? वारा वरल्या अंगाला अडून बसतो. तुमचं भोक खाली, वारा वर. तुमी सकाळधरनं निस्तं तेल काढताय. वारा हाय तितंच हाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी माझ्या पुठ्ठ्याकडे. मी कॅलिपर आसाच्या मागून पुढे घेतला होता, त्याबरोबर तो उलटा झाला होता आणि निपल खाली गेलं होतं. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला की निपल वर. एवढंच करायचं होतं. पण तुमची ती पांढरी अक्षरं. अर्धा तास तुम्ही अडून बसलात. "डावं त्ये डावंच असतं," म्हणालात. आक्कानं चहाचे कप गोळा केले आणि जाता जाता म्हणाली, "अक्षार पुसायला रॉकेल आणू का?"

आधी तुम्हीच हसलात. मग असे हसलात की टायरवरून घसरलात, मी डबीतलं तेल माझ्याच बुटावर ओतलं, आणि आक्काही हसायला लागली. चार वर्षांत तुम्ही तिघं मिळून, म्हणजे ती, तुम्ही आणि ती गाडी, पहिल्यांदाच एका जागी सुखात होता. तुम्ही स्वतःच्या हातानं 'डा' पुसून 'उ' लिहिलंत. अदलाबदल झाली आणि वीस मिनिटांत हवा निघाली. "आता दगडावर पाय ठिवल्यागत लागतंय," आक्का म्हणाली आणि तुम्ही चाकं चढवायला लागायच्या आत खाली उतरली.

परीक्षा त्याच ओढ्यावर झाली. आक्का आधी चालत गेली, आपण मागून. ओढ्यापलीकडच्या उतारावर तिनं फांदीनं रस्त्यावर रेघ मारली. "हितं थांबली पायजे." तुम्ही गाडी पाण्यातून घातलीत, उतारावर आलात, ब्रेक दाबलात आणि गाडी रेघेच्या हातभर अलीकडे उभी राहिली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. एकदा मागची चाकं घसरली, कारण आता मागचीच फार धरत होती. तुम्ही तिथेच मागच्या चाकांचं तेल कमी करायला नळीवर बसवलेला पितळी कॉक पाव आटा फिरवून तेही ठीक केलंत. मी "पुढे लावले असते तर" एवढंच म्हणालो आणि तुम्ही मला गाडीतून उतरवलंत.

तिसऱ्या वेळी आक्कानं मान डोलावली. तुम्ही इतके खूश झालात की सवयीनं हँडब्रेक ओढलात, दार उघडलंत आणि तिला घ्यायला खाली उतरलात. हँडब्रेकची तार ज्या ड्रमांना होती ते ड्रम शेडच्या कोपऱ्यात पालथे पडले होते, हे आपल्या दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. गाडी हळूच निघाली. तुमचं तोंड उघडं, माझंही उघडं. आक्कानं बांधावरचा एक दगड उचलला, दोन पावलं टाकली आणि चाकाखाली सारला. आमच्या बापाच्या बैलगाडीला लहानपणी ती असाच दगड लावायची. गाडी थांबली.

मला वाटलं, झालं, आता आणखी चार वर्षं. तुम्ही तर डोळेच मिटले होते. आक्का दगडाकडे बघत होती, मग तुमच्याकडे बघून म्हणाली, "चालताना धरती, उभी ऱ्हाताना धरत न्हाई. ऱ्हाऊ द्या. बिरीक तुमचा, दगड माजा. चला."

आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, माझ्या जागेवर. मी तेव्हापासून मागे.

पुढच्या आठवड्यात तुम्ही तिला ऐनाच्या लाकडाचा ठोकळा करून दिलात, एका बाजूला उतरता, धरायला मूठ. तो तिच्या सीटखाली असायचा. चढावर कुठेही थांबायचं तर तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसायचात, आक्का उतरायची, ठोकळा लावायची, "सोडा" म्हणायची, मग तुम्ही पाय काढायचात. भुशीला फिरायला आलेली मुंबईची माणसं हा सोहळा बघत उभी राहायची. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा आक्का दर आठवड्याला कुरवंड्याला जाऊ शकली ती त्या गाडीमुळे. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत, आणि मीही तुमचे आभार मानले नाहीत. मेहुण्यानं दाजींचे आभार मानायचे म्हणजे काय, आपल्यात तशी रीत नाही. आज मानतो. ऐकून घ्या, चेष्टा करू नका.

हँडब्रेकवरून आपलं दुसरं भांडण होतं. मी दर रविवारी म्हणायचो, दाजी, चकतीलाही हँडब्रेक करता येतो, वेगळा छोटा चिमटा लावायचा, तार तर आहेच, तुम्हाला काय अवघड आहे? आक्का आता काही तरणी नाही, किती वेळा वाकेल? तुम्ही पाना पुसत म्हणायचात, "बसवू की. सवड कुटं हाय." दुसऱ्यांच्या गाड्यांना सवड असायची. मी एकदा चिडून म्हणालो होतो की तुम्हाला ते जमतच नाही, म्हणून टाळताय. तुम्ही मान डोलावलीत. "तसंच समज, मास्तर." हे तुमच्याशी झालेल्या शेवटच्या भांडणांपैकी एक.

परवा आक्का म्हणाली, "कुरवंड्याला जायाचंय. गाडी काड." गाडी महिनाभर उभी होती आणि पेडल पोकळ झालं होतं. मी ब्रेक ऑइल शोधायला शेडमध्ये गेलो. वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, आक्काच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक पुडी होती. जड होती म्हणून सोडली. आत दोन छोटे चिमटे, दोन दांड्या, तार, मोजून आठ बोल्ट. सगळ्याला तेल लावलेलं. एका चिमट्यावर पांढऱ्या रंगात 'डा', दुसऱ्यावर 'उ'. खाली कापलेला पुठ्ठा होता, माझ्याच ड्रॉइंगच्या वहीचा, ताटल्या बसवल्या त्याच वर्षीचा.

मी एक चिमटा घेऊन गाडीखाली गेलो आणि पाटीला लावून बघितला. न घासता बसला. पाटीवर नटाचे वळही होते. म्हणजे तुम्ही तो बसवला होतात, ओढून बघितला होतात, आणि पुन्हा काढून, पुसून, फडक्यात बांधून ठेवला होतात. दाजी, तुम्हाला सवड होती.

मी बराच वेळ टायरवर बसून राहिलो. हसू येत होतं आणि डोळ्यांना धार लागली होती. हँडब्रेक बसला असता तर ठोकळा गेला असता, आणि ठोकळा गेला असता तर आक्का पुन्हा दुसऱ्याच्या भरवशावर गाडीत बसलेली बाई झाली असती. ती गाडीत बसली होती ते गाडी तिच्या हातानं थांबते म्हणून. तुम्ही ते तिच्याकडून काढून घेतलं नाहीत, आणि त्यापायी इतकी वर्षं माझ्याकडून अडाणी म्हणवून घेतलंत. पुडी मी पहिल्यासारखी बांधून फळीवर ठेवली. हे कागदही तिच्यातच ठेवणार आहे.

तर काल हवा काढली. आक्का ड्रायव्हरच्या जागेवर, मी मागच्या चाकापाशी उताणा.

"दाब."

"दाबलंय."

तिथून तिचं तोंड दिसत नाही, म्हणून धीर झाला. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी ओढ्यावर दाजी थांबायला तयार होते. मीच घाई केली. त्यांचा अंदाज चुकला नव्हता."

वरून लगेच उत्तर आलं. "मला ठाव हाय. मागं बसलेवते, बहिरी न्हवते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्यांनी तुजं नाव घेतलं न्हाई. मी कशाला घिऊ? सोडू का, पाय दुकतोय."

"सोड."

"सोडलंय."

दुपारी आम्ही निघालो. ओढ्याला अजून पाणी आहे. मी गाडी थांबवली, उतरलो, काठी बुडवली, घटकाभर थांबलो आणि मगच घातली. तुमच्या ताटल्यांनी दोन फेऱ्यांत पाणी झाडून टाकलं. घराच्या चढावर मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो. आक्का उतरली, ठोकळा घेऊन वाकली, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "तुज्या दाजींना सगळं जमलं बग. येक हँडब्रेक तेवडा जमला न्हाई."

मी समोर काचेतून बघत होतो. म्हणालो, "व्हय आक्का. तेवढा न्हाई जमला."

तिनं ठोकळा चाकाला नीट टेकवला, हात झाडले. "सोड," म्हणाली.

मी पाय काढला. गाडी हलली नाही.